गोळा आणि बाण

नोव्हाय, मिशिगन
१२ जून २००५

चि. विनीता हिला गोदामावशीचे आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. या घरात तीन खोल्यांत तीन फोन आहेत, कुठला कोण उचलून ऐकेल सांगता येत नाही, म्हणून लिहिते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

बातमी अशी की आम्ही तुझ्या आयर्लंडात येतोय. तुझ्या काकांचा तो जुन्या गाड्यांचा क्लब आहे ना, त्याची यंदाची टूर तिकडे. सप्टेंबरातला एक शुक्रवार, शनिवार, रविवार. समुद्राच्या कडेकडेने गाड्या हाकायच्या, थांबून हिरवळ बघायची, गाड्यांचेच फोटो काढायचे आणि परत हाकायच्या. एवढ्यासाठी बारा गाड्या महिनाभर आधी बोटीत बसणार. मी म्हटलं, मिशिगनात पाणी कमी पडलं का? तर क्लबचा म्होरक्या वॉल्ट म्हणतो, त्याचे पणजोबा तिथले. त्याचे पणजोबा तिथले म्हणून आमची वरात.

आमची गाडी १९६७ची, हिरवी. काका सिन्नर सोडून डेट्रॉइटला आले त्याच सालची. रिटायर झाल्यावर मोडकी आणली आणि चार वर्षं तिच्याखाली पडून होते. गॅरेजमध्ये गेलं की नवऱ्याचे फक्त पाय दिसायचे. चहा पायांना विचारायचा.

मी काही शोभेला जात नाही. रस्ता मी सांगते. क्लबवाले एक वही देतात, रूट बुक म्हणतात तिला. तिच्यात एकेका वळणाचं चित्र असतं. काळा गोळा म्हणजे आपण, बाण म्हणजे तिकडे जायचं, आणि शेजारी मैलांचा आकडा. इंग्रजीचं एक अक्षर लागत नाही. शेजारी बसलेल्याने चित्र बघून सांगायचं, चालवणाऱ्याने ऐकायचं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात हे माझं ऐकतात ती जागा एवढीच. दोन वर्षं करतेय, एकही वळण चुकले नाही.

तू गॉलवेला आहेस, आमचा मुक्काम क्लिफडेनला. ये भेटायला.

आणखी एक. इथल्या एका ओळखीच्या बाईचा नवरा हल्ली विसरतो. चष्मा-किल्ल्या विसरणं नव्हे, त्याच्या पुढचं. त्यावर गोळी असते का? आणि डॉक्टरला सांगितलं तर तो लायसन काढून घेतो का? तिने विचारायला सांगितलंय.

गोदामावशी

*

गॉलवे
२८ जून २००५

ती. मावशीस विनीताचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मोठ्याने हसले. काकांच्या पायांना चहा विचारणारी तूच! तुम्ही येताय याचा इतका आनंद झालाय की मी आत्ताच सुट्टीचा अर्ज दिला. आई गेल्यापासून माझ्याकडे माहेरचं कुणी आलेलं नाही.

तुझ्या ओळखीच्या बाईंबद्दल. गोळ्या आहेत, पण त्यांनी आजार बरा होत नाही, थोडा रेंगाळतो. आधी तपासणी हवी. आणि अशा माणसाने गाडी चालवू नये. हात आणि पाय सवयीने चालतात, त्यामुळे शेजारच्याला वाटतं सगळं ठीक आहे. पण अचानक काही वेगळं घडलं की काय करायचं ते त्याला सुचत नाही. लायसन जाईल का, तर बहुधा जाईल. जायलाच हवं.

मावशी, रागावू नकोस. ही ओळखीची बाई कोण?

विनीता

*

नोव्हाय
१४ जुलै २००५

चि. विनीता,

तुला औषध विचारलं, तू फिर्याद लिहून पाठवलीस. तुझी आई अशीच होती. शकूला पाणी मागितलं तर आधी विहीर कुणाची ते विचारायची.

हो, तुझे काकाच. आता पुढचं पण ऐक.

मार्चमध्ये एका सकाळी टाय लावून निघाले. सात वर्षं झाली रिटायर होऊन, आणि हे कंपनीच्या गेटवर उभे. नशीब, गेटवरचा रखवालदार जुना निघाला. त्याने त्यांना आत बसवून कॉफी पाजली आणि घरी फोन केला. मी शेजारणीच्या गाडीतून जाऊन आणलं. रवींद्रला सांगितलं नाही. माझा मुलगा चांगला आहे, पण त्याला काही सांगितलं की तो लगेच त्याची फाइल उघडतो. सून रेणू इंटरनेटवरून पन्नास पानं छापून आणते आणि जेवणाच्या टेबलावर ठेवते. हिमानी तेरा वर्षांची. ती आजोबांना म्हणते, "आजोबा, यू ऑलरेडी आस्क्ड मी दॅट," आणि हे ओशाळून हसतात. ते हसणं मला बघवत नाही.

पण गाडीत बसले की शहाणे. देवाशपथ सांगते. मी म्हणते डावीकडे, ते डावीकडे. मी म्हणते हळू, ते हळू. दोन वर्षांपूर्वी एकदा ओळखीच्याच चौकात थांबून माझ्याकडे बघत राहिले, तेव्हापासून ती वही मी हातात घेतली. क्लबात सगळ्यांना वाटतं म्हातारीला हौस आली. वाटू दे. आणि तुमच्याकडे रस्त्याच्या डाव्या अंगाने चालवायचं, गाडी मात्र अमेरिकन, स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे समोरून येणारं आधी मला दिसणार. मी नाही तर गाडी नाही.

ही टूर शेवटची. वॉल्टने त्यांच्या गाडीला पहिला नंबर दिलाय. तेवढी होऊ दे. दिवाळीला मी स्वतः रवींद्रला सांगेन. तोवर तोंड उघडलंस तर मावशी मेली समज.

गोदामावशी

*

गॉलवे
२ ऑगस्ट २००५

ती. मावशी,

शपथ घातलीस म्हणून गप्प बसते आहे. पण माझी एक अट आहे. शुक्रवारी संध्याकाळी मी क्लिफडेनला तुमच्याबरोबर जेवायला येईन, काकांशी स्वतः बोलेन. मला ते ठीक वाटले नाहीत तर शनिवारी गाडी निघणार नाही. मग तू मेलीस तरी चालेल.

हे मी तुझी भाची म्हणून लिहीत नाहीये, डॉक्टर म्हणून लिहितेय. भाची म्हणून विचारशील तर मला फक्त तुला गाडीत पुढच्या सीटवर वही घेऊन बसलेली बघायचंय.

विनीता

*

गॉलवे
२२ सप्टेंबर २००५

ती. मावशी,

एव्हाना तुम्ही घरी पोचला असाल. विमानतळावर तू माझ्याकडे पाठ करून बसलीस. मी समजू शकते. रवींद्रदादाला फोन मी केला, कारण काका दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होते आणि त्यांच्या मुलापासून ते लपवणं मला शक्य नव्हतं.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली. हॉस्पिटलच्या त्या गडबडीत जमलं नाही, खरं तर धीर झाला नाही.

शनिवारी वॉल्टचा फोन आला तेव्हा मी घरी होते. तो म्हणाला, टॉम सापडत नाही. काकांना टॉम म्हणतात ते मला माहीत नव्हतं, कळायलाच वेळ लागला. तू त्या उंचावरच्या जागी बाथरूमला उतरलीस आणि काका तुला न घेताच निघून गेले, असं तो म्हणाला. मी निघाले. वाटेत पुन्हा फोन आला, गाडी दिसली. क्लिफडेनच्या पुढे एक बेट आहे, ओहोटीला वाळूवरून तिथे गाडी जाते आणि भरती आली की सगळं पाण्याखाली जातं. काका अर्ध्या वाटेवर थांबले होते. एक मेंढ्यावाला ट्रॅक्टर घेऊन आत शिरला. मी पोचले तेव्हा त्याने त्यांना नुकतंच काठावर आणलं होतं. कमरेपर्यंत भिजलेले होते, ओठ निळे पडले होते. मी मराठीत विचारलं, "काका, मावशी कुठेय?" ते म्हणाले, "ती सिन्नरला आहे. कागद झाले की येईल. मी पुढे आलोय, नोकरीचं बघायला."

मावशी, मी शुक्रवारी त्यांच्याशी दीड तास बोलले. तारीख विचारली, त्यांनी बरोबर सांगितली. आईचं नाव सांगितलं, माझ्या हॉस्पिटलचं नाव सांगितलं, आम्ही कधीपासून इथे आहोत तेही सांगितलं. मी समाधानाने परत आले. "उद्या जाऊ दे त्यांना," हे शब्द माझे होते. त्या तेवढ्या विश्वासावर तू शनिवारी गाडीत बसलीस.

नशीब एवढंच की उतरताना तू पर्स, शाल आणि ती वही बरोबर घेतली होतीस. वही त्यांच्याकडे नाही म्हटल्यावर ते ठरलेल्या रस्त्यावर नसणार, हे बाकीच्यांना कळलं.

मला क्षमा कर.

विनीता

*

नोव्हाय
९ ऑक्टोबर २००५

विनीता,

पत्र मिळालं. काकांचा खोकला अजून आहे. छातीत पाणी झालं होतं, ते कमी आहे म्हणतात. लायसन रवींद्रने जमा केलं. गाडी बोटीतून परत आली, आतून खारट वास येतो, गॅरेजमध्ये झाकून ठेवली आहे. रेणूने पन्नास पानं छापून आणली.

तू फोन केलास ते बरं केलंस. आता काही दिवस पत्र पाठवू नकोस.

गोदामावशी

*

गॉलवे
६ नोव्हेंबर २००५

ती. मावशी,

पाठवू नकोस म्हणालीस तरी लिहितेय. दिवाळीला फोन केला होता. हिमानीने उचलला, म्हणाली, "आजी इज नॉट कमिंग टू द फोन." मागून तुझा आवाज येत होता.

तुला कारण हवं म्हणून नाही, पण कुणाला तरी सांगायला हवं म्हणून सांगते. मी म्हाताऱ्या पेशंटांची ओपीडी सोडली आहे. समोर कुणी बसलं आणि माझ्या प्रश्नांना नीट उत्तरं देऊ लागलं की मला वाटतं, हा मला फसवतोय आणि मला कळत नाहीये. परवा एका म्हाताऱ्याला मी तीनदा तारीख विचारली. त्याची बायको रडायला लागली. साहेबांनी बोलावून विचारलं, काय झालंय तुला? मी म्हटलं, माझ्या एका चुकीमुळे माझे काका बुडता बुडता वाचले. पुढच्या महिन्यात ठरवायचंय की हे काम पुढे करायचं की नाही. मोहन म्हणतो घाई करू नकोस. तो माझा नवरा आहे, तो तसंच म्हणणार.

तू दोन शिव्या घातल्यास तरी चालतील. पण बोल.

विनीता

*

नोव्हाय
१३ डिसेंबर २००५

चि. विनीता हिला आशीर्वाद.

तुझं पत्र महिनाभर उशीखाली ठेवलं होतं. माझ्या मनात होतं की तुला वाटतं ते वाटू द्यावं. तू तरुण आहेस, विसरशील. पण तू नोकरी सोडायला निघालीस. एकाचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर असलं की ते उतरवायलाही येत नाही. तेव्हा हे नीट वाच आणि मग हे पत्र जाळून टाक किंवा साहेबाला दाखव, तुझी मर्जी.

शुक्रवारी तुला जी उत्तरं मिळाली ती काकांची नव्हती. माझी होती. दुपारी दोनपासून हॉटेलच्या खोलीत मी त्यांच्याकडून पाठ करून घेतली होती. आज सोळा सप्टेंबर. शकूची मुलगी विनीता. तिच्या हॉस्पिटलचं नाव अमुक. शाळेत मास्तर उजळणी घेतात तसं, चाळीस वेळा. विसरले की पुन्हा पहिल्यापासून. कंटाळून एकदा म्हणाले, "गोदे, परीक्षा कसली आहे?" मी म्हटलं, "इन्स्पेक्टर येणार आहे." तू जेवताना प्रश्न विचारत होतीस तेव्हा टेबलाखाली माझा हात त्यांच्या गुडघ्यावर होता. चुकायला लागले की दाबत होते. तू कितीही शिकलेली असलीस तरी तुला कळणार नव्हतं, कारण फसवणारी मी होते आणि मला त्याचा दोन वर्षांचा सराव होता.

आता शनिवारचं. मी बाथरूमला उतरले नव्हते. तिथं बाथरूमच नव्हतं, तुमच्या एवढ्या सुंदर देशात उंचावर नुसता एक दगड आणि वारा आहे.

सकाळ चांगली गेली होती. पहिला नंबर आमचा, मागे अकरा गाड्या. एका बाजूला समुद्र, पुढं मेंढ्या. मी सांगत होते, ते वळत होते. दहा वळणं झाली, अकरावं झालं. मग उंचावर गाडी हळू केली आणि माझ्याकडे वळून अदबीने इंग्रजीत विचारलं, "मॅडम, आपल्याला कुठे सोडू?"

विनू, त्यांनी मला ओळखलं नाही याचं मला काही नाही. मार्चपासून अधूनमधून होतंच. पण तोपर्यंत गाडीत कधी झालं नव्हतं. गाडी तेवढी माझी होती. आणि आवाज किती गोड! अठ्ठेचाळीस वर्षांत माझ्याशी एवढ्या गोड आवाजात कधी बोलले नव्हते. परक्या बाईशी बोलायचा आवाज तो. माझं टाळकं फिरलं. दोन वर्षं मी या माणसाचे डोळे झाले, याच्यासाठी पोटच्या पोराशी खोटं बोलले, आणि हा मला लिफ्ट देतोय. मी म्हटलं, "इथंच." त्यांनी गाडी थांबवली. पर्स घेतली, शाल घेतली, वही घेतली आणि उतरले. दार आपटलं. मला वाटलं, दाराच्या आवाजाने जागे होतील. वही नाही म्हटल्यावर तरी अडतील, हाक मारतील.

ते "हॅव अ नाइस डे" म्हणाले. आरशात बघितलं, इंडिकेटर दिला आणि गेले. अगदी नीट गेले.

एवढं केलं ते रागाने केलं. पुढचं मात्र रागाने नाही. पाच मिनिटांत वॉल्टची गाडी आली. "टॉम कुठाय?" मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, मी टॉयलेटला उतरले, टॉम पुढे गेला, येईल परत. तो आपल्या बायकोबरोबर फोटो काढायला लागला. बाकीच्या गाड्या आल्या, त्यांनाही तेच सांगितलं. एका बाईने मला थर्मासमधली कॉफी दिली. मी ती प्याले. उभी राहून, सगळी. खरं सांगितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं की दोन वर्षं त्यांच्या पुढे एक भ्रमिष्ट माणूस गाडी चालवत होता आणि मी त्याला झाकत होते. त्या लाजेपायी पाऊण तास गेला. मग वॉल्टनेच घड्याळ बघितलं आणि तुला फोन केला. तो पाऊण तास आधी केला असता तर वाळू कोरडी होती. मेंढ्यावाल्याने मला भरतीची वेळ सांगितली, मी हिशेब केला. तेवढं गणित मला येतं.

तेव्हा तुझा "उद्या जाऊ दे" यात कुठंच नाही. तू म्हाताऱ्यांकडे परत जा. फक्त पुढच्या वेळी बायकोला बाहेर बसव आणि मग प्रश्न विचार. हे तुला कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही.

काल रवींद्रला सांगितलं. तुला जे लिहिलं तेच, त्याच क्रमाने. तो उठून गॅरेजमध्ये गेला आणि गाडीवरचं कापड काढून बोनेट पुसत बसला. रेणू म्हणाली, "आई, जेवून घ्या." मला या सुनेविषयी आजवर चांगलं बोलायला जमलं नाही. आता उशीर झाला.

त्या छातीच्या दुखण्यानंतर काका पुन्हा पहिल्यासारखे झालेच नाहीत. दोनदा घराबाहेर पडले, एकदा बर्फात, पायात चपला. म्हणून रवींद्रने अशा माणसांची एक जागा शोधली आहे, घरापासून वीस मिनिटांवर. दारांना आकडे दाबायचं कुलूप आहे. स्वच्छ आहे. जेवण इंग्रजी, पण डबा चालतो म्हणाले. गेल्या आठवड्यात आम्ही बघायला गेलो. तिथल्या बाईने फॉर्म काढला आणि काकांनाच विचारलं, सर, तुमच्याबरोबर या कोण? काकांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाले, "माय पॅसेंजर."

रेणूने खाली मान घातली. ती बाई लिहायची थांबली. मी म्हटलं, लिहा तेच. खोटं काय आहे त्यात?

येत्या सोमवारी दहा वाजता त्यांना तिथं सोडायचं आहे. गाडी रवींद्र चालवणार, त्याची रोजची. मी मागे त्यांच्या शेजारी बसणार. त्यांच्या दोन स्वेटरांवर आणि धोतराच्या पानावर हिमानीने इंग्रजीत नाव घालून दिलंय, धुवायला गेले तर हरवू नयेत म्हणून. धोतर तिथं कोण नेसवणार, ते मी विचारलं नाही.

वाटेत ते विचारणार, कुठं चाललोय. हल्ली दर थांब्याला विचारतात. त्यांना काय सांगायचं ते मला कळव. मी पुष्कळ विचार केला, मला सुचत नाही. तू डॉक्टर आहेस. हे पत्र तुला मिळेपर्यंत सोमवार होऊन गेलेला असेल, तरी कळव.

गोदामावशी